पेंडीतलं विष

उसाला खत घालायचे दिवस आले की प्रवरेकाठी बेलापूरच्या शिवारात एरंड पेंडीची पोती येतात. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, पाटपाण्यावर ऊस फोफावला आणि त्याला नत्रासाठी पेंड लागू लागली. पण पोतं उघडं राहिलं आणि दावं सुटलेल्या बैलानं त्यात तोंड घातलं, तर? शेंगदाण्याच्या पेंडीला सरावलेलं जनावर ते. काही तासांनी चारा सोडतं, रक्ताची हगवण लागते.

हे काम एरंडीच्या बियांतल्या रिसिनचं. हे प्रथिन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून एरंडेल निर्धोक निघतं आणि विष चोथ्यात राहतं. त्याच्या दोन साखळ्या असतात. एक पेशीला चिकटते. दुसरी आत शिरून रायबोसोममधल्या आरएनएचा एकच अ‍ॅडेनिन छाटते. तेवढ्यानं पेशीचं प्रथिनं घडवणं थांबतं. पूर्वी सोनाराच्या तराजूत असायची त्या गुंजेतलं अ‍ॅब्रिन याचंच भावंड.

जनावर दगावलं की नमुने प्रयोगशाळेत जातात, आणि तिच्यापुढचा पेच खरा इथे आहे. कीटकनाशक असेल तर ते व्हिसेऱ्यातून, म्हणजे काढून पाठवलेल्या अवयवांतून, द्रावकात उतरतं, यंत्रावर दिसतं. रिसिन त्या वाटेनं येतच नाही. शिवाय जठरात चाऱ्याची, जंतूंची, खुद्द जनावराची हजारो प्रथिनं कालवलेली. मग रिसिनलाच धरणारी प्रतिपिंडं वापरून ते वेगळं काढतात. ट्रिप्सिन या विकरानं त्याचे ठरावीक जागी तुकडे पाडतात आणि वस्तुमान वर्णपटमापीवर एकेक तुकडा तोलतात. वजनं जुळली, की ओळख पटली.

तरी एक प्रश्न उरतो. पेंड नीट तापवली तर रिसिन निकामी होतं, तुकडे मात्र तेच जुळू शकतात. म्हणून ते अजून अ‍ॅडेनिन छाटतं का, हे वेगळं तपासावं लागतं. लघवीत रिसिनिन नावाचा छोटा रेणू सापडतो. तो रिसिनइतका विषारी नव्हे, पण एरंड पोटात गेल्याची खूण पक्की.

‘विष आढळले नाही’ एवढ्या ओळीवर शेतकऱ्याची बोळवण होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. नेहमीच्या चाचणीत जे दिसणारच नाही, ते शोधा म्हणून सांगावं लागतं. त्या पोत्यातली मूठभर पेंड कोरड्या बरणीत बंद करून द्यावी. या तपासणीचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये नको, बर्फात ठेवावा. फॉर्मॅलिन प्रथिनं जखडून टाकतं. आणि सोबतच्या चिठ्ठीवर पशुवैद्याकडून स्पष्ट लिहून घ्यावं: एरंड पेंड खाल्ल्याचा संशय.