टाकीतले सत्तर व्होल्ट

तलावांच्या भंडारा जिल्ह्यात मासे घरात आणून ठेवण्याची गरज काय, असे कोणी विचारील. पण लाखनीतही आता दिवाणखान्यात काचेच्या टाक्या दिसतात. गेल्या डिसेंबरात अशाच एका टाकीसाठी आम्हाला बोलावणे आले.

घरमालक विज्ञानाचे शिक्षक. दोन मासे मेले, म्हणून त्यांनी डिजिटल मल्टिमीटरची एक पिन पाण्यात बुडवली, दुसरी अर्थिंगला लावली. आकडा आला ७० व्होल्ट. पाण्यात वीज उतरली असे ठरवून ते तांब्याची उघडी तार पाण्यात सोडून अर्थिंगला जोडण्याच्या बेतात होते. आम्ही ती बाजूला ठेवायला लावली. एक तर पाण्यात विरघळणारे तांबे माशांना विषारी. शिवाय हे ७० व्होल्ट आले कुठून, हे अजून कळायचे होते.

हीटर तेव्हा बंद होता, फक्त पाण्यातला छोटा पंप चालू होता. पंपाची गुंडाळी एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये प्लास्टिकचे आवरण. म्हणजे हे एक धारित्रच (कंडेन्सर) झाले. त्याची धारिता १०० पिकोफॅरड धरली तर ५० हर्ट्झला त्याचा विरोध सुमारे ३ कोटी २० लाख ओहम येतो. मीटरचा स्वतःचा रोध १ कोटी ओहम. २३० व्होल्टची या दोघांत वाटणी होऊन मीटरच्या वाट्याला ७०च्या आसपास व्होल्ट येतात. धारा मात्र फक्त ७ मायक्रोअँपिअर! माणसाला झिणझिण्या जाणवायला साधारण अर्धा ते एक मिलीअँपिअर लागतो, म्हणजे याच्या किमान सत्तरपट.

पडताळा सोपा आहे. मीटरच्या दोन टोकांना समांतर १ लाख ओहमचा, १ वॅटचा रोधक जोडला. आकडा ७० वरून ०.७ व्होल्टवर कोसळला. असा आकडा म्हणजे नुसता भास.

आता हीटर लावला. मीटरने ११० व्होल्ट दाखवले. रोधक जोडला, तरी १०७! हा भास नव्हता. हीटरच्या काचनळीला बारीक तडा होता आणि तारेचे वेटोळे पाण्याला भिडले होते.

विशेष म्हणजे उरलेले मासे मजेत पोहत होते. तारेवर बसलेल्या चिमणीसारखीच त्यांची स्थिती. सगळे पाणी जवळजवळ एकाच विभवावर असल्याने माशाच्या शरीरातून धारा वाहायला कारणच नव्हते. टाकी काचेची, टेबल लाकडी, म्हणून फ्यूजही शाबूत. मंडल पूर्ण करायला कोणी हवे होते. घरातली मुलगी रोज रात्री त्या पाण्यात हात घाली. पायात रबरी चप्पल असे म्हणून निभावले. ओल्या फरशीवर ती अनवाणी उभी असती तर?

मग अर्थची तार पाण्यात सोडायला काय हरकत होती? नुसती सोडली तर गळती फ्यूज उडण्याइतकी मोठी होत नाही. धारा पाण्यातून वाहत राहते आणि मासे तिच्या वाटेत येतात. दुसरा धोका आपल्याकडचा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. अशा वेळी कूलरच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती सामाईक अर्थच्या तारेने थेट टाकीत येईल.

आधी बसवावी ती आर.सी.सी.बी. जुने इलेक्ट्रिशियन तिलाही ई.एल.सी.बी. म्हणतात. फेजमधून गेलेली धारा न्यूट्रलमधून परत येते की नाही, एवढेच ती पाहते. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या आत पुरवठा तोडते. तिच्यावरचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ती असेल आणि खड्ड्यात पाणी घातले जात असेल, तर टायटॅनियमची अर्थ-सळई टाकीत खुशाल ठेवावी. मग गळती होताच, कोणाचा हात लागण्याआधी, स्विच पडेल. आणि हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढावेत, हे तर आहेच. मोजणी विद्यार्थ्यांनी एकट्याने करू नये.

हीटर त्याच दिवशी बाद झाला. राहता राहिले ते दोन मासे. टाकी भरून आठच दिवस झाले होते. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू नव्या टाकीत वाढायला तीन-चार आठवडे लागतात. ते मासे बहुधा अमोनियानेच गेले.