ओवाळणीच्या ताटातला हिशेब

दिवाळीच्या चार दिवसांत पैशाला जेवढा मान मिळतो, तेवढा वर्षभरात कधी मिळत नसेल. धनत्रयोदशीला त्याची पूजा, लक्ष्मीपूजनाला पुन्हा पूजा, आणि भाऊबीजेला तर तो थेट निरांजनाशेजारी ताटात जाऊन बसतो! एरवी 'पैशाने का कुठे सुख मिळते?' असे म्हणणारी मंडळीही या दिवसांत हळदकुंकू वाहून त्याच्यापुढे हात जोडतात. यात ढोंग आहे असे मी म्हणणार नाही. पैशाविषयीची आपली दोन्ही मते खरी असतात; मात्र ती वेगवेगळ्या वयांत खरी ठरतात.

भाऊबीजेचे ताटच घ्या ना! आठ वर्षांची बहीण ओवाळून होताच ताटात काय पडले ते पाहते. तिच्या लेखी पैसा म्हणजे फुलबाज्या, रंगपेटी, पाणीपुरी. यापलीकडे त्याला अस्तित्व नाही. भावाने मोबाइलवरून रक्कम आईच्या खात्यात धाडली, तर तिचा चेहरा उतरतो. ताटात काही वाजलेच नाही, तर मिळाले काय? बावीस वर्षांचा, नुकताच नोकरीला लागलेला भाऊ नोट ठेवतो ती चुलत भावंडांच्या नजरेस पडेल अशी. त्याला त्या पैशाने वस्तू नको असते, पत हवी असते. चाळिशीचा भाऊ हसतमुखाने नोट ठेवतो खरा, पण मनात घराचा हप्ता, मुलीची फी आणि आईची औषधे यांची बेरीज चालू असते. आणि सत्तरीची आत्या? ती ओवाळणी कपाळाला लावते आणि दुसऱ्या क्षणी शेजारी उभ्या असलेल्या नातवाच्या मुठीत कोंबते. नोट तीच, पण तिच्याकडे पाहणारे डोळे चार.

हे वयाचे कौतुक मला पहिल्यांदा उमगले ते एका पुस्तकामुळे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली ती 1933 साली, नाशिकच्या तुरुंगात. पुस्तक प्रसिद्ध झाले 1935 मध्ये. त्यात दिवाळीचे एक प्रकरण आहे. घरावर कर्ज, वडिलांचे धोतर फाटलेले. आणि आई आपल्या भाऊबीजेच्या पैशांतून त्यांच्यासाठी नवे धोतर आणवते. शाळेत असताना ते प्रकरण वाचले तेव्हा माझे लक्ष दिवाळीच्या गमतीकडे. कॉलेजात वाचले तेव्हा वडिलांचा राग आला. कर्ज काढलेच कशाला? आज वर्गात शिकवताना मात्र माझी नजर त्या आईच्या हातांवर खिळते. तिच्या हक्काचे म्हणावे असे पैसे तेवढेच, आणि त्या दिवाळीत तिला खरा आनंद मिळाला तो ते खर्चून टाकण्यात. पुस्तकातले अक्षरही बदललेले नाही. बदलला तो वाचणारा.

म्हणजे वय वाढले की माणसाला पैशाची किंमत वाटेनाशी होते, असे थोडेच आहे? तसे असते तर म्हातारपणी कोणी बँकेचे पासबुक उशाशी घेऊन झोपले नसते. बदलतो तो पैशाला विचारायचा प्रश्न. लहानपणी आपण विचारतो, 'मला काय मिळेल?' तारुण्यात, 'लोक काय म्हणतील?' संसारात, 'उद्याचे काय?' आणि नशीब चांगले असेल, तर उतारवयात, 'हे आता कुणाच्या हातावर ठेवू?'

पाश्चात्त्य पंडितांनी या विषयावर मापे लावून पाहिली आहेत. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी 2010 साली असे मांडले, की वर्षाला सुमारे 75,000 डॉलरपर्यंत मिळकतीबरोबर रोजचे सुख वाढते. पुढे वाढत नाही. 2021 मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना ते पुढेही वाढताना आढळले. मग भांडत न बसता दोघांनी बार्बरा मेलर्स यांना सोबत घेऊन आकडे पुन्हा तपासले आणि 2023 मध्ये निष्कर्ष दिला: बहुतेकांचे सुख मिळकतीबरोबर वाढतच राहते, पण जे मुळातच फार दुःखी आहेत, त्यांच्या बाबतीत एका मर्यादेपुढे पैशाचे काही चालत नाही. शोक, एकटेपणा, तुटलेले मन यांवर पगारवाढीचा लेप लागत नाही, हे आमच्या आजीलाही ठाऊक होते. मात्र उपाशी माणसाचे दुःख पैशाने हटते, हेही ती तितक्याच ठामपणे सांगे.

या दुसऱ्या गोष्टीचा आपल्याला फार लवकर विसर पडतो. माझ्या वर्गातला एक हुशार मुलगा दुसऱ्या वर्षानंतर कॉलेज सोडून गोदामात माल बांधायच्या कामाला लागला. पुढे बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "सर, आईचं मंगळसूत्र सोडवून आणलं. तीन वर्षं गहाण होतं." संतोष, समाधान, अल्पसंतुष्टता या विषयांवर मी तासन् तास बोलू शकतो, त्या मुलापुढे त्यातला एक शब्दही तोंडून निघेना, आणि निघायलाही नको होता. वयाच्या विसाव्या वर्षीच तो चौथ्या प्रश्नापाशी पोहोचला होता. एवढ्या लवकर तिथे पोहोचावे लागणे ही त्याची थोरवी. आपली मात्र नामुष्की. कारण त्या वयात पोराने पहिल्या पगाराचा रंगीत शर्ट घालून मिरवायचे असते.

म्हणून तरुणांच्या पैशाच्या ओढीला नाके मुरडू नयेत. त्यांना मिळवू द्यावे, थोडे मिरवूही द्यावे. ज्याच्या हाती कधी काही आलेच नाही, त्याला देण्याचे सुख कुठून कळणार? आणि आपल्यासारख्या चाळिशी-पन्नाशी उलटलेल्यांनी 'पैशात काय आहे?' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी एवढेच पाहावे, की समोरच्याच्या ताटात काही आहे ना! नसेल, तर वाक्य गिळावे आणि खिशात हात घालावा.