ई२० पेट्रोलने गाडी खराब होते का? आधी आरसीवरचं वर्ष बघा

पंपावर तुम्ही ५ लिटर पेट्रोल भरता तेव्हा त्यातलं १ लिटर पेट्रोल नसतंच. ते इथेनॉल असतं, म्हणजे ऊस, मका किंवा तांदळापासून तयार केलेलं अल्कोहोल. २० टक्के इथेनॉल म्हणून नाव ई२०. २०२५ पासून देशात जवळपास सगळीकडे हेच मिळतंय आणि तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच प्रकारचे फॉरवर्ड फिरतायत. एकात इंजिनाची पार वाट लागलेली असते, दुसऱ्यात देश तेलाच्या बाबतीत स्वावलंबी झालेला असतो. दोन्ही पाठवणारे लोक एक साधा प्रश्न विचारत नाहीत: गाडी कोणत्या वर्षाची, आणि इथेनॉल कशापासून बनवलेलं? या दोन गोष्टी कळल्याशिवाय ई२० चांगलं की वाईट हे सांगताच येत नाही.

गाडीपासून सुरुवात करू, कारण ते तपासायला दोन मिनिटं लागतात.

मोबाईलमध्ये आरसी उघडा

डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमध्ये तुमच्या गाडीची आरसी असेल. त्यावर गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते लिहिलेलं असतं. एप्रिल २०२३ नंतर बनलेली असेल, तर तिचे रबरी पाइप, सील, गॅस्केट वगैरे भाग ई२० सहन करतील असे वापरलेले असतात. एप्रिल २०२५ नंतरची असेल तर इंजिनाचं ट्यूनिंगसुद्धा ई२० धरून केलेलं असतं. अशा गाडीवाल्यांनी फॉरवर्ड डिलीट करून निवांत झोपावं.

एप्रिल २०२० ते मार्च २०२३ मधली, म्हणजे सुरुवातीची बीएस-६ गाडी असेल तर मामला मधला आहे. यातल्या बहुतेक गाड्यांत, अगदी साध्या १०० सीसीच्या अनेक बाइकमध्येसुद्धा, फ्युएल इंजेक्शन आणि सायलेन्सरच्या पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. तो काय करतो हे समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

१ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे १ किलो इथेनॉलला फक्त ९ किलोच्या आसपास हवा पुरते. ई२० साठी हा आकडा १३.५ च्या जवळ येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आता थोडं जास्त इंधन हवं. ऑक्सिजन सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला ते मोजतो, ईसीयूला कळवतो आणि ईसीयू इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. पुन्हा मोजतो, पुन्हा दुरुस्त करतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत हा फीडबॅक लूप आहे आणि तो बऱ्यापैकी चोख काम करतो. त्यामुळे या गाड्या ई२० वर नीट चालतात. प्रश्न उरतो तो रबराचा, आणि तो हळूहळू दिसतो.

२०२० च्या आधीची कार्ब्युरेटरवाली बाइक मात्र आंधळी असते. तिच्यातलं जेट म्हणजे ठरावीक मापाचं एक भोक. इंधन बदललं हे तिला कळतच नाही. मग मिश्रणात इंधन कमी आणि हवा जास्त होते. सकाळी स्टार्ट व्हायला नखरे, अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर क्षणभर अडखळणं, इंजिन जरा जास्त तापणं, ही त्याची लक्षणं. त्यात इथेनॉल जुन्या प्रकारचं रबर फुगवतं आणि कडक करतं. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मधल्या खुलाशात म्हटलं होतं की काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात आणि तो खर्च फार नसतो. खर्च फार नसतो हे खरंच आहे. पण पाइप वेळेवर बदलला तरच. इंधनाचा पाइप भेगाळून गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकायला लागलं तर विषय खर्चाचा राहत नाही. जुनी बाइक असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिककाकांना फ्युएल पाइप आणि कार्ब्युरेटरची ओ-रिंग बघायला सांगाच. सेकंडहँड गाडी घेताना किंवा विकतानाही आता हा प्रश्न येणार. घेणाऱ्याने विचारायच्या आधी पाइप बदलून बिल जपून ठेवलेलं बरं.

पाण्याबद्दल थोडंसं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पाणी एका मर्यादेपुढे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याला जाऊन मिळतं आणि दोघं टाकीच्या तळाशी बसतात. रोज चालणाऱ्या गाडीत हे होत नाही, कारण पेट्रोल तेवढे दिवस टाकीत राहतच नाही. पण कोकणात घरी गाडी ठेवून तुम्ही पुण्याला नोकरीला असाल आणि पावसाळाभर ती अर्ध्या टाकीनिशी अंगणात उभी असेल, तर होऊ शकतं. अशी गाडी टाकी फुल्ल करून ठेवावी, आत ओली हवा कमी राहते.

मायलेज किती पडतं?

१ लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, १ लिटर इथेनॉलमध्ये २१. त्यामुळे ई२० च्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा जवळपास ७ टक्के ऊर्जा कमी. आधी मिळणाऱ्या ई१० शी तुलना केली तर फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातले अंदाजही याच पट्ट्यात आहेत: ई१० साठी ट्यून केलेल्या जुन्या धाटणीच्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट, दुचाकींत ३ ते ४ टक्के, आणि ई२० साठी ट्यून केलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के. ही शेवटची घट कमी का? कारण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आहे, आणि तो ओळखून बनवलेलं इंजिन त्याचा थोडा फायदा करून घेतं. जुन्या इंजिनाला तो फायदा घेताच येत नाही.

तेव्हा ‘माझं मायलेज ६० वरून ४० वर आलं’ असं कोणी सांगत असेल तर दोष दुसरीकडे शोधा: टायरमधली हवा, घासणारा ब्रेक, तुंबलेला एअर फिल्टर. आणि डिस्प्लेवरच्या आकड्यावर विसंबू नका. टाकी फुल्ल करा, किलोमीटरचा फोटो काढा, पुन्हा त्याच पंपावर फुल्ल करा आणि भागाकार करा. असं चार वेळा केल्यावर जो आकडा येईल तो खरा.

साडेतीन टक्के म्हणजे किती? फूड डिलिव्हरी करणारा एखादा मुलगा महिन्याला ६,००० रुपयांचं पेट्रोल जाळत असेल तर साधारण २०० रुपये. त्याच्यासाठी एका दुपारचं जेवण आणि दोन चहा नक्कीच. मग इथेनॉल मिसळल्यावर पेट्रोल स्वस्त का झालं नाही, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे.

याचं उत्तर असं की इथेनॉल स्वतःच आता स्वस्त राहिलेलं नाही. २०२४-२५ च्या हंगामात तेल कंपन्यांनी सी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ५७.९७ रुपये दिले आणि मक्यापासूनच्या इथेनॉलला ७१.८६. मंत्रालयाचंच म्हणणं आहे की सरासरी खरेदी दर रिफायनरीतून निघणाऱ्या पेट्रोलच्या मूळ किमतीपेक्षा वर गेला आहे. पंपावरचा दर आपल्याला जास्त दिसतो कारण त्यात कर असतात. मला यात एकच गोष्ट खटकते. कमी ऊर्जेचं इंधन त्याच दराने विकायचं असेल तर निदान पंपाच्या पाटीवर तसं ठळक लिहा आणि जुन्या गाडीवाल्याला पर्याय द्या. नेमकी हीच मागणी घेऊन एक जनहित याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती, १ सप्टेंबर २०२५ ला कोर्टाने ती फेटाळली.

टाकीतला ऊस आणि टँकरचं पाणी

आता दुसरा प्रश्न, इथेनॉल कशाचं? आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न गाडीपेक्षा मोठा आहे.

साखर कारखान्यात उसाचा रस उकळून साखरेचे दाणे काढतात. उरलेला काळा, चिकट पदार्थ म्हणजे मळी. सगळी साखर काढून झाल्यावर उरते ती सी-हेवी. थोडी साखर मुद्दाम आत सोडली तर बी-हेवी. आणि साखर बनवायचीच नाही असं ठरवलं तर थेट उसाच्या रसापासून इथेनॉल. तिन्हीत पुढची पायरी सारखी: यीस्ट घालून आंबवायचं, मग डिस्टिलेशन. पण नुसत्या उकळण्याने ९५-९६ टक्क्यांच्या पुढे पाणी सुटत नाही, म्हणून शेवटचं पाणी मॉलिक्युलर सीव्ह नावाच्या चाळणीसारख्या पदार्थाने शोषून घेतात. या डिस्टिलरी बनवण्यात पुण्याची प्राज इंडस्ट्रीज जगभर ओळखली जाते.

शेतकऱ्याचा फायदा खरा आहे. कायद्याने ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे पैसे मिळायला हवेत. पण साखर गोदामात पडून असली की कारखान्याकडे रोकड नसते आणि बिलं थकतात. इथेनॉलला तेल कंपनी हे पक्कं गिऱ्हाईक आहे, पैसे लवकर येतात, आणि त्यामुळे थकबाकीचं दुखणं बरंच कमी झालं. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. कच्च्या तेलाच्या बाबतीत आपण ८५ टक्क्यांहून जास्त आयातीवर जगतो, तिथेही तेवढा भार हलका होतो. नीती आयोगाच्या अभ्यासाप्रमाणे उसाच्या इथेनॉलचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन पेट्रोलपेक्षा ६५ टक्के कमी आणि मक्याच्या इथेनॉलचं ५० टक्के कमी धरलं जातं.

पण त्याच नीती आयोगाच्या अहवालात आणखी एक आकडा आहे, आणि तो फॉरवर्डमध्ये कधी दिसत नाही. उसापासून १ लिटर इथेनॉलला साधारण २,८६० लिटर पाणी लागतं. आता तुमच्या बाइकला लावून बघा. महिन्याला २० लिटर ई२० भरत असाल तर त्यात ४ लिटर इथेनॉल. ते सगळं उसाचं असेल तर ११,४४० लिटर पाणी. गल्लीत येणारा मोठा टँकर १०,००० लिटरचा असतो.

हा हिशोब थोडा निष्ठूर आहे, मान्य. सी-हेवी मळीचं इथेनॉल असेल तर ऊस साखरेसाठी पिकलाच होता, मळी उरलीच असती. तिच्या नावावर सगळं पाणी टाकणं बरोबर नाही. उसाच्या थेट रसापासून इथेनॉल केलं की मात्र हा बचाव संपतो. आणि एकदा इथेनॉलचा पैसा दिसला की जिथे पाणी नाही तिथेही ऊस लावायचा मोह होतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते लातूरला, आणि लातूर-उस्मानाबाद पट्ट्यात साखर कारखाने तेव्हाही होतेच.

पाऊस दगा देतो तेव्हा काय होतं तेही आपण पाहिलंय. २०२३ ला पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल म्हणून डिसेंबरमध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी आणली आणि आठवडाभरात ती थोडी सैल केली. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेले कारखाने हवालदिल झाले. मग भर मक्यावर गेला. मक्याला कमी पाणी लागतं हे खरं, पण मका हे कोंबड्यांचं खाद्य आहे. भाव चढले तसे पोल्ट्रीवाले ओरडू लागले. अंड्याचा दर आणि पेट्रोलची टाकी यांचं नातं असं जुळतं.

मळी आंबवून उरणाऱ्या सांडपाण्याचं, स्पेंटवॉशचं, प्रकरणही आहेच. १ लिटर इथेनॉलमागे ते साधारण ८ ते १५ लिटर निघतं. नियमाने ते जाळून किंवा आटवून संपवायचं असतं, बाहेर सोडायचं नसतं. डिस्टिलरीजवळच्या गावातला मित्र असेल तर वास कधी येतो ते त्याला विचारा.

यातून सुटका करणारं तंत्रज्ञान म्हणजे पिकाऐवजी काडीकचऱ्यापासून इथेनॉल, ज्याला टूजी म्हणतात. इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, तिथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करतात. दिल्लीच्या धुरात जाणारा पेंढा कामी येतो, नवीन पाणी लागत नाही. फक्त काडीतली सेल्युलोज फोडून साखर करणं महाग आणि किचकट आहे, म्हणून आपल्या टाकीत सध्या येतं ते मुख्यतः मका, ऊस आणि तांदळाचंच.

फ्लेक्स-फ्युएल घ्यावी का?

ई२० पासून ई८५ किंवा त्याहून जास्त इथेनॉलवर चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या आपल्याकडे येऊ लागल्यात. होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सीबी३००एफ ची अशी बाइक आणली. ब्राझीलमध्ये या गाड्या २००३ पासून आहेत आणि तिथे पंपावर दोन्ही इंधनं मिळतात. तिथले लोक एक सोपा नियम वापरतात: इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच इथेनॉल भरायचं, नाहीतर पेट्रोल. आपल्या ई२० शी तुलना केली तरी ऊर्जेचं गुणोत्तर तेवढंच येतं, २१ भागिले २९.८. मुंबईत पेट्रोल १०३ रुपये धरलं तर इथेनॉल पंपावर ७२ रुपयांच्या खाली हवं. मक्याचं इथेनॉल तेल कंपनीलाच ७१.८६ ला पडतं, त्यावर वाहतूक, कर आणि पंपाचं कमिशन. शोरूममध्ये सेल्समन ‘इथेनॉलवर स्वस्तात चालते’ म्हणाला, तर कॅल्क्युलेटर उघडून त्या दिवशीच्या दरांचा एवढा भागाकार त्याच्यासमोरच करा.