सावली मोजायची की उजेड?

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की दुर्ग सोडल्याबरोबर भिलाई लागतं. 4 फेब्रुवारी 1959 रोजी इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तुमची गाडी ज्या रुळांवरून धावतेय, ते रूळही बहुधा भिलाईचेच असतील. रूळ घडवताना पोलाद हजार अंश सेल्सिअसच्याही वर तापवतात. असा लालभडक तुकडा रोलर्समधून सुसाट पुढे येतो, त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. आता सांगा, “एक, दोन, तीन” म्हणायला तिथे कोण उभं राहणार? वाटेत एखादं बटण बसवलं, तर पहिल्याच तुकड्याखाली त्याचा कोळसा व्हायचा!

म्हणून तिथला मोजणारा गडी लांब उभा राहतो आणि कशालाही हात न लावता मोजतो. त्याची गोष्ट पुढे येईलच. आधी त्याचा गरीब चुलतभाऊ घरी बनवू.

त्यासाठी हवा एलडीआर, म्हणजे प्रकाशानुसार रोध बदलणारा रोधक. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन नुसतं “एलडीआर द्या” म्हणा, दुकानदाराला कळतं. शर्टाच्या बटणापेक्षाही लहान चकती, तिच्यावर नागमोडी पट्टा आणि खाली दोन तारा. त्या पट्ट्यात असतं कॅडमियम सल्फाइड. अंधारात त्यातले इलेक्ट्रॉन जागेवर अडकलेले असतात, त्यामुळे वीज जवळजवळ पुढे सरकतच नाही. प्रकाश पडला, की त्याच्या ऊर्जेने ते सुटतात आणि वाट मोकळी होते. गडद अंधारात लाखो ओहमचा रोध टॉर्चच्या झोतात काहीशे ओहमवर येतो. मल्टिमीटर लावून चकतीवर नुसतं बोट ठेवा आणि आकडा कसा उडी मारतो ते बघा. माझ्या मते निम्मी गंमत इथेच आहे.

या गुणाचा शोध लागला तो दुसरंच काम करताना. 1873 साली विलोबी स्मिथ हे इंग्रज अभियंता समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबल तपासत होते. त्यासाठी त्यांना मोठ्या रोधाचा पदार्थ हवा होता, म्हणून सेलेनियमच्या कांड्या घेतल्या. पण कांड्यांचा रोध काही स्थिर राहीना! त्या ठेवलेल्या पेटीचं झाकण बंद असलं की जास्त, उघडलं की कमी. बिघाड कांड्यांत नव्हता, प्रकाशच त्यांचा रोध बदलत होता. पुढे आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या खनिजाचा शोधक बनवला. तो रेडिओलहरी ओळखायचा, शिवाय प्रकाशालाही दाद द्यायचा. 1904 मध्ये त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं.

चला, जोडणी करू. 9 व्होल्टची बॅटरी, एलडीआर, बीसी 547 हा ट्रान्झिस्टर, 100 किलोओहमचा प्रीसेट (फिरवून रोध बदलता येणारा रोधक), 1 किलोओहमचा रोधक, 9 व्होल्टवर चालणारा छोटा बझर आणि ब्रेडबोर्ड एवढं पुरे. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरा. डावीकडून पाय येतात कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा. बझरची धन तार बॅटरीच्या धन टोकाला आणि ऋण तार कलेक्टरला. धन टोकापासून बेसपर्यंत प्रीसेट आणि रोधक एकापुढे एक लावा. प्रीसेटचा मधला आणि एका कडेचा पाय वापरा. राहिला एलडीआर. तो बेस आणि ऋण टोक यांच्या मध्ये बसतो.

समोरून टॉर्चचा झोत एलडीआरवर सोडा. त्याचा रोध कमी होतो आणि प्रीसेटमधून येणारी वीज त्याच्यातूनच खाली निघून जाते. बेसवरचा दाब 0.6 व्होल्टच्या खाली राहतो, ट्रान्झिस्टर बंद, बझर गप्प. मध्ये कुणी आलं, की सावली पडते, एलडीआरची वाट अडते, बेसवरचा दाब वाढतो आणि... टीं टीं टीं! फराळाच्या डब्याकडे चाललेला भाऊ रंगेहाथ सापडला. सावली पडूनही बझर गप्प असेल किंवा उजेडातही थांबत नसेल, तर प्रीसेट हळूहळू फिरवत बसा. इथे घाई करणाऱ्याचं काम बिघडतं.

एक अडचण मात्र नक्की येणार. मे महिन्यात भिलाईचं काय किंवा नागपूरचं काय, दुपारचं ऊन असं असतं की टॉर्चला कोण विचारतो? एलडीआर आधीच उजळलेला, मग सावलीने फरक पडणार कसा? उपाय स्वस्त आहे. काळ्या कागदाची बोटभर लांब नळी करून एलडीआर तिच्या तळाशी बसवा आणि तोंड टॉर्चकडे ठेवा. इकडचा तिकडचा उजेड आत येत नाही.

नुसता आवाज नको, आकडा हवा? साध्या कॅल्क्युलेटरवर 1 + 1 = दाबा. नंतर फक्त = दाबत राहिलात, तर बहुतेक कॅल्क्युलेटर 3, 4, 5 असे पुढे मोजत जातात. बझरच्या जागी छोटा रिले (विजेने उघडझाप होणारं बटण) लावून त्याने हे = बटण दाबल्यासारखं करायचं, झाला मोजणारा यंत्रमानव! रिलेला जास्त वीज लागते, म्हणून आणखी एक ट्रान्झिस्टर जोडावा लागतो. कॅल्क्युलेटर उघडून डाग देण्याचं हे काम विज्ञानाच्या सरांबरोबर किंवा बाईंबरोबरच करा.

आता खरी डोकेफोड. झोत गुडघ्याच्या उंचीवर ठेवला, तर प्रत्येकाचे दोन पाय वेगवेगळे मोजले जातात आणि दहा पाहुण्यांचे वीस होतात. कमरेच्या उंचीवर ठेवला, तर मांजर खालून पसार. दोघं हातात हात घालून आले, तर त्यांचा एकच. यंत्राला माणूस दिसतच नाही, त्याला फक्त उजेडातला बदल कळतो. शिवाय एलडीआर जरा मंद आहे. उजेडातून अंधारात गेल्यावर आपल्या डोळ्यांसारखाच तोही सावरायला वेळ घेतो, म्हणून झपकन गेलेला चेंडू त्याच्या नजरेतून सुटू शकतो. कारखान्यांत त्याच्याऐवजी चपळ फोटोडायोड वापरतात.

आणि आता तो लांब उभा राहणारा गडी. पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये त्याला हॉट मेटल डिटेक्टर म्हणतात. त्याला समोर टॉर्च लागत नाही, कारण तापलेलं पोलाद स्वतःच प्रकाश आणि अवरक्त किरण फेकतं. किरण आले म्हणजे तुकड्याचं डोकं पोचलं, थांबले म्हणजे शेपूट गेलं. त्यावरून तुकडे मोजता येतात आणि पुढच्या कात्रीला कधी कापायचं तेही कळतं. आपण घरी सावली मोजली, तिथे मोजतात उजेड!

पण हेच रूळ जमिनीवर टाकले आणि गाडी धावू लागली, की प्रकाशाची हुशारी संपते. धूळ, चिखल, पाऊस यांत झोत टिकणार कसा? म्हणून गाडीच्या चाकांचे आस मोजणारं रेल्वेचं यंत्र चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखतं.

दोन सूचना. घरातल्या 230 व्होल्टच्या विजेला हे काही जोडू नका, बॅटरीच वापरा. आणि एलडीआर फोडू नका, त्यातलं कॅडमियम विषारी असतं.

जाता जाता एक कोडं. दारातून आत किती गेले आणि बाहेर किती आले, हे वेगवेगळं मोजायचंय. एका एलडीआरने जमणार नाही, दोन लागतील. ते कुठे बसवाल आणि कोणावर आधी सावली पडली हे यंत्राला कसं सांगाल? आकृती काढून आम्हाला पाठवा.