बंधाऱ्याचे बरगे आणि चढणीचे मासे

पुसदच्या शिवारात पडलेला पाऊस समुद्राला मिळतो तो फार लांबच्या वाटेने. पूस, अरुणावती, अडाण या नद्यांचे पाणी शेवटी पैनगंगेत येते. पैनगंगा वणी तालुक्यातल्या जुगादजवळ वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्यापाशी एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागरात जाते. पाण्यासाठी ही सगळी वाट उताराची. माशाला ती उलट चढायची असते, आणि समुद्राकडून मोजत आले की भिंतींमागून भिंती लागतात. पहिली धवळेश्वरमची, तिथला मूळ बंधारा आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये पुरा केला. मग पोलावरम, दुम्मुगुडेम, समक्का, मेडिगड्डा. प्राणहितेत थोडा मोकळा श्वास. पैनगंगेत वळले की यवतमाळ आणि आदिलाबादच्या सीमेवर चनाखा-कोरटा बॅरेज, आणि बरेच वर इसापूर.

माशाला वर कशाला जायचे असते, हा प्रश्न रास्त आहे. उन्हाळ्यात आपल्या नद्यांची धार तुटते आणि मासे डोहांत अडकून राहतात. मृगाचा पाऊस झाला, गढूळ पाणी आले, पाण्याचे तापमान उतरले की त्यांच्या शरीरात संप्रेरकांची उलथापालथ होते आणि ते प्रवाहाच्या तोंडाला लागतात. हेच चढणीचे मासे. कोणी मैलोगणती नदीतून वर जातो, कोणी फक्त बाजूच्या नाल्यात, ओढ्यात, पाण्याखाली गेलेल्या गवतात शिरतो. शिवडा असा काठाच्या उथळ पाण्यात अंडी घालतो. वर जाऊन अंडी टाकायची, म्हणजे अंडी आणि पिल्ले प्रवाहाबरोबर खाली वाहत येताना वाढतात आणि पुढच्या डोहांत पसरतात. वरचा दरवाजा बंद झाला की हे चक्र तिथेच थांबते.

रोहू, कटला, मृगळ साचलेल्या तळ्यात सहसा अंडीच घालत नाहीत. त्यांना वाहते पाणी लागते. ही अडचण सोडवली ती हिरालाल चौधरी यांनी. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात त्यांनी माशांना पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले. आज धरणांत आणि तलावांत मच्छीमार सोसायट्या जी बोटुकली सोडतात, ती या शोधाची देन आहे. नदीने जे काम फुकट केले असते ते सुईने करावे लागते. त्यातून सोसायट्यांच्या सभासदांना रोजगार मिळतो, हे खरेच. पण बोटुकली सोडली की नदीचे मासे वाचले, असे जे मानले जाते ते साफ चूक आहे. ठेका घेणाऱ्याला लवकर वाढणारे, बाजारात खपणारे चार प्रकार हवे असतात. बाकीच्या पन्नास जातींना कोणी वाली नाही.

त्या बाकीच्यांत कोण आहे? कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने लिहिली. त्यातले दोन मासे कृष्णा आणि गोदावरी खोऱ्यांबाहेर जवळपास कुठेच सापडत नाहीत. एक सिलोनिया चिल्ड्रेनाय, रुंद तोंडाचा, बिनखवल्यांचा शिकारी मासा. दुसरा बारीक खवल्यांचा सांडखोल. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत दोघेही ‘संकटग्रस्त’ आहेत. शिवडा ‘असुरक्षित’ गटात आहे. अहीर, म्हणजे गोड्या पाण्यातली ईल, तर याहून विलक्षण: ती नदीत वाढते आणि अंडी घालायला समुद्रात जाते. तिचे बोटभर लांबीचे पारदर्शक पिल्लू तिथून परत वर निघते. वर सांगितलेल्या सगळ्या भिंती तिला दोनदा ओलांडायच्या असतात. जगभरात नजर ठेवलेल्या स्थलांतरी गोड्या पाण्याच्या माशांची संख्या १९७० ते २०२० या पन्नास वर्षांत सरासरी ८१ टक्क्यांनी घटली, असे २०२४ चा एक अहवाल सांगतो.

आता दुसरी बाजू. यवतमाळमध्ये बसून धरणांच्या नावाने बोटे मोडणे सोपे नाही, आणि मी ते करणारही नाही. कोरडवाहू कपाशीवर जगणाऱ्या जिल्ह्यात पाऊस एकवीस दिवस दडी मारतो तेव्हा काय होते, ते इथल्या माणसाला आकडे देऊन सांगावे लागत नाही. पश्चिम विदर्भाचा सिंचन अनुशेष १९८४ च्या दांडेकर समितीपासून चर्चेत आहे. इसापूरचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर. त्यावर हिंगोली, नांदेड आणि आपले उमरखेड, महागाव अवलंबून. बेंबळा धरणाचे पाणी यवतमाळ शहराच्या नळालाही येते. ही धरणे राहणार आहेत. प्रश्न इतकाच, की ती असताना मासा कसा जाईल.

यावर चटकन सुचणारे उत्तर म्हणजे मत्स्यशिडी: धरणाच्या कडेने एकाखाली एक हौद बांधायचे, प्रत्येक हौदातून खालच्यात पाणी पडू द्यायचे आणि माशाने एकेक टप्पा चढायचा. ऐकायला सोपे. पण इथे भौतिकशास्त्र कोणाचे ऐकत नाही. दोन हौदांच्या पातळीत जेवढा फरक, तेवढा फटीतून येणाऱ्या पाण्याचा वेग. फरक ३० सेंटिमीटर ठेवला तर वेग सेकंदाला जवळपास २.४ मीटर, १० सेंटिमीटर ठेवला तर १.४ मीटर. मासा जीव तोडून पोहला तरी काही सेकंदच, आणि तेव्हा त्याचा वेग साधारणपणे सेकंदाला त्याच्या लांबीच्या दहापट. म्हणजे वीतभर माशाला ३० सेंटिमीटरची पायरी चढवत नाही, १० ची चढवते. शिवाय त्याला शिडीचे तोंड सापडले पाहिजे. प्रवाह जिथे जोरात येतो तिकडे मासा जातो. सांडव्याचे पाणी एका काठाला धबाधबा पडत असेल आणि शिडीची धार दुसऱ्या काठाला, तर मासे सांडव्याखाली डोके आपटत राहतील आणि शिडी कोरडी ठणठणीत नसली तरी रिकामी राहील.

जगभरच्या पहिल्या शिड्या सॅमन माशासाठी बांधल्या गेल्या. सॅमन उसळ्या मारतो. आपले बहुतेक मासे मारत नाहीत. थायलंडमध्ये मेकाँगची उपनदी मुन हिच्यावर १९९४ मध्ये पुऱ्या झालेल्या पाक मुन धरणाला अशीच शिडी जोडली. धरण अवघे १७ मीटर उंच. तरी शिडी बहुतेक माशांच्या कामाची ठरली नाही आणि नदीकाठची मासेमारी कोसळली. लोकांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले. शेवटी २००१ च्या जूनमध्ये सरकारने वर्षभरासाठी दारेच उघडली, आणि मासे परतले. ऑस्ट्रेलियानेही आधी सॅमनच्याच नकला केल्या आणि हात पोळून घेतले. मग मरे नदीवर, समुद्रापासून ह्यूम धरणापर्यंतच्या सव्वादोन हजार किलोमीटरच्या टप्प्यात, स्थानिक माशांना झेपेल अशा लहान पायऱ्यांचे मार्ग बंधाऱ्याबंधाऱ्यावर बांधले. ते चालतात.

हेच गणित इसापूरला लावून पाहा. धरणाची उंची ५७ मीटर. दहा सेंटिमीटरची एक पायरी धरली तर ५७० हौद. एक हौद अडीच मीटर लांब धरला तर शिडी जवळपास दीड किलोमीटर. इतके करून मासा वर पोहोचलाच, तर पुढे मैलोगणती निश्चल पाणी. त्याला प्रवाहाची दिशाच कळत नाही. त्याने वर कुठे अंडी घातलीच, तर खाली वाहत आलेली अंडी जलाशयात येऊन तळाला बसतात. शिवाय इसापूरच्या खाली पैनगंगेवर सहस्रकुंड आहे. तो धबधबा निसर्गानेच घातलेला बांध. पोहणाऱ्या बऱ्याच जातींना तो धरण नसतानाही ओलांडता येत नसणार. तेव्हा इसापूरला शिडी हवी, ही मागणी कोणी केली तर तिच्यावर पैसा घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसा आणि डोके लावायचे ते खालच्या, बुटक्या बांधांवर. यात कोल्हापुरी बंधारा हा आपल्याकडचा दुर्लक्षित नायक आहे. त्याची रचनाच अशी, की पावसाळ्याआधी खांबांमधले बरगे काढायचे, पूर निघून जाऊ द्यायचा, आणि पाऊस ओसरला की बरगे टाकून शेवटचे पाणी रब्बीसाठी अडवायचे. हे पुराचा दाब आणि गाळ यांच्या भीतीने ठरले, माशाचा विचार कोणी केला नव्हता. तरी नेमके मासे चढतात त्या जून ते ऑगस्टमध्ये नदी मोकळी राहते. पाक मुनला आंदोलन करून जे मिळवावे लागले, ते आपल्या बंधाऱ्यांच्या नियमातच आहे.

कागदावर. प्रत्यक्षात बरगे वेळेवर निघत नाहीत, गंजून खाचेत अडकतात, काही चोरीला जातात म्हणून उरलेले कोणी हलवू देत नाही. आणि निघाले तरी एक अडचण राहते. बंधाऱ्याच्या पायथ्याशी काँक्रीटचा सपाट कट्टा असतो. त्याच्या खालची माती पुराने दरवर्षी थोडी थोडी खरवडली जाते आणि काही वर्षांत कट्टा नदीच्या तळापासून हात-दीड हात उंच लोंबकळतो. पहिल्या पुरानंतर तिथे उभे राहून पाहावे. कट्ट्यावर चार बोटे पाणी, त्याच्या खाली फेसाळता खड्डा, आणि खड्ड्यात मासे एकावर एक. एखादा उसळतो, काँक्रीटवर आडवा पडतो, शेपटी आपटत परत खाली. काठाला बगळे बसलेले असतात आणि जाळी घेतलेली पोरेही. अंड्यांनी पोट भरलेली मादी शेवटी बाजारात जाते ती इथून.

यावरचा इलाज फार मोठा नाही. कट्ट्याखाली मोठे दगड रचून वीसास एक असा उतार करायचा. ६० सेंटिमीटरच्या उंचीला १२ मीटरचा दगडी उतार पुरतो. दगडांच्या आडोशाने मासा थांबत थांबत चढतो. दगड इथलेच, मजूर इथलेच. अभियंत्याने पूर वाहण्याचा हिशेब तेवढा तपासायचा.

मोठ्या धरणांचे काम वेगळे: त्यांनी वेळेवर पाणी सोडायचे. इसापूरच्या उपयुक्त साठ्यातला एक टक्का, म्हणजे साधारण ९६ लाख घनमीटर, दहा दिवसांत सोडला तर नदीत सेकंदाला ११ घनमीटर, सुमारे चारशे क्युसेकचा प्रवाह राहतो. पहिल्या जोरदार पावसाला जोडून तो सोडला तर खालच्या माशांना खूण मिळते. धरण भरणाऱ्या वर्षी हे पाणी नाहीतरी सांडव्यावरून जाणारच असते, फक्त उशिरा, सप्टेंबरात. खरा संघर्ष आहे तो दुष्काळी वर्षाचा, आणि तेव्हा शेतकऱ्याच्या तोंडचा घास काढा असे म्हणायची माझी तयारी नाही. त्या वर्षी निदान डोह जगले पाहिजेत. डोह मरतात ते धरणापेक्षा रेती उपशाने. रेतीघाटाच्या नावाखाली तळ खरवडला की अंडी चिकटवायला जागा राहत नाही आणि उन्हाळा काढायला खोल पाणीही. याला मत्स्यशिडीचा उपयोग शून्य.

कालव्यांचेही तेच. पाणीपाळी सुरू असताना मासे कालव्यात शिरतात, पाळी बंद झाली की चाऱ्यांमध्ये, मोऱ्यांखाली तडफडतात. कालव्याच्या तोंडाशी जाळी बसवून आणि दार एकदम न लावता टप्प्याटप्प्याने बंद करून त्यातले बरेच परत जाऊ शकतात.

माशांची पिल्ले आणून सोडण्याच्या उत्साहालाही लगाम हवा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात दख्खनी महाशीरची पिल्ले तयार झाली, ते काम मोठेच. पण तीच जात कावेरीत सोडली गेली आणि तिथला मूळचा कुबड्या महाशीर मागे पडत गेला. आज तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे.

राहतो तो नव्या बांधकामांचा प्रश्न. पोलावरमच्या आराखड्यात हिलसासारख्या माशांसाठी सांडव्यातच मार्ग धरलेला आहे, केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेच्या सल्ल्याने. बांधताना ठेवलेली वाट स्वस्त पडते; बांधून झाल्यावर भिंत फोडून करायची तर खर्चही होतो आणि ती धड होतही नाही. मेडिगड्डा, तुम्मिडीहेट्टी आणि चनाखा-कोरटा या बॅरेजचा करार महाराष्ट्र आणि तेलंगणा यांनी मुंबईत २३ ऑगस्ट २०१६ रोजी केला. कोणाला किती पाणी आणि किती जमीन बुडणार, यावर तेव्हा भरपूर वाद झाले. माशांचे नाव वर्तमानपत्रांतही फारसे आले नाही. निम्न पैनगंगा प्रकल्पाला विस्थापनाच्या प्रश्नावरून गावांचा विरोध आहे आणि तो प्रश्न पहिला आहेच. मात्र प्रकल्प ज्या रूपात पुढे जाईल त्या रूपात नदीच्या माशांचे सर्वेक्षण, पावसाळ्यातले दारांचे वेळापत्रक आणि खाली सोडायचे किमान पाणी या तीन गोष्टी आधी लिहून घेतल्या पाहिजेत. दोन्ही राज्यांच्या जलसंपदा आणि मत्स्य विभागांनी एका टेबलाशी बसल्याशिवाय ते होणार नाही.

तोवर वाचकांनी एक करावे. आपल्या गावच्या बंधाऱ्याचे सगळे बरगे मृगाच्या आधी निघाले का, हे ग्रामपंचायतीला आणि पाणीवापर संस्थेला विचारावे. निघाले नसतील तर काढायला लावावेत, आणि पहिल्या पुराचे पंधरा दिवस बंधाऱ्याखालच्या खड्ड्यात जाळे टाकू देऊ नये.