आभासी वास्तवाचे हेडसेट : बाजारपेठ घरात की कार्यशाळेत?

संगणकाने उभ्या केलेल्या त्रिमित दृश्यात आपण प्रत्यक्ष वावरत आहोत, असा अनुभव पाहणाऱ्यास देणाऱ्या तंत्राला 'आभासी वास्तव' अशी संज्ञा आहे. त्यासाठी डोळे पूर्णपणे झाकणारे जे उपकरण डोक्याला बांधावे लागते, ते हेडसेट होय. मोबाइल फोन किंवा दूरचित्रवाणी संचाप्रमाणे हे उपकरणही सामान्य कुटुंबात पोहोचेल काय, हा प्रश्न १९९० च्या दशकापासून चर्चेत आहे. जगातील अत्यंत धनाढ्य कंपन्यांनी त्यापायी अब्जावधी डॉलर खर्च केले. तरीही विक्रीच्या सर्वोत्तम वर्षातसुद्धा जगभरात खपलेल्या हेडसेटची संख्या सुमारे १ कोटीच्या घरातच राहिली. स्मार्टफोन मात्र दरवर्षी १०० कोटींहून अधिक विकले जातात.

भारताच्या दृष्टीने हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रासाठी कार्यदल स्थापन करण्याची घोषणा झाली. पुढे या यादीत 'विस्तारित वास्तव' ही शाखा जोडली गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या सर्व शाखांसाठी मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र स्थापण्यास मंजुरी दिली. सार्वजनिक निधी आणि असंख्य तरुणांची कारकीर्द ज्या तंत्राशी जोडली जात आहे, त्याला मागणी नेमकी कोठून येणार, हे तपासून पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

दोन डोळे, दोन चित्रे

हेडसेटचे मूलतत्त्व जुनेच आहे. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असल्याने प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे चित्र दिसते. या फरकावरून मेंदू खोलीचा अंदाज बांधतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये हे तत्त्व विशद केले आणि दोन सपाट चित्रांतून खोलीचा भास घडविणारा स्टिरिओस्कोप तयार केला. आधुनिक हेडसेट एक पाऊल पुढे जातो. डोके वळताच संवेदक ती हालचाल टिपतात व संगणक त्या दिशेचे दृश्य नव्याने रेखाटतो. हालचाल आणि नवे दृश्य यांत साधारणपणे २० सहस्रांश सेकंदांहून अधिक विलंब झाला, तर भास तुटतो.

अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये असे पहिले उपकरण घडविले. डोक्याची हालचाल मोजणारी यांत्रिक दांडी छताला टांगलेली असे आणि ती नेमकी वापरणाऱ्याच्या डोक्यावर येत असे. एका ग्रीक आख्यायिकेतील टांगत्या तलवारीचे नाव या यंत्राला चिकटले ते त्यामुळेच. १९८० च्या दशकात जॅरन लॅनियर यांनी 'आभासी वास्तव' या शब्दप्रयोगास लोकप्रियता मिळवून दिली. त्यानंतर आशेच्या दोन मोठ्या लाटा आल्या.

पहिली लाट निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 'व्हर्च्युअल बॉय'पाशी फुटली. १९९५ मध्ये सुमारे १८० डॉलर किमतीस बाजारात आलेल्या या खेळण्यात केवळ लाल रंगाची चित्रे दिसत आणि मान टेबलापाशी झुकवून बसावे लागे. वर्षभरातच ते मागे घेण्यात आले. दुसरी लाट २०१२ मध्ये उसळली. ऑक्युलस या नवोदित कंपनीने लोकवर्गणीतून सुमारे २४ लाख डॉलर उभारले आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरना विकत घेतली. या मधल्या काळात तंत्रज्ञान बदलले होते. स्मार्टफोनच्या प्रचंड उत्पादनामुळे लहान पडदे आणि हालचाल टिपणारे संवेदक स्वस्त झाले होते. एका अर्थाने मोबाइल फोननेच हेडसेटला दुसरा जन्म दिला, असे म्हणता येईल.

किंमत हाच अडसर काय?

नवे उपकरण महाग असते, उत्पादन वाढले की ते स्वस्त होते व मग घरोघरी जाते, हा अर्थशास्त्रातील परिचित क्रम आहे. हेडसेटच्या बाबतीत हा क्रम दोन्ही टोकांना तपासून पाहता येतो, ही अभ्यासकांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

स्वस्ताईचे टोक म्हणजे गुगलने २०१४ मध्ये आणलेले 'कार्डबोर्ड' : पुठ्ठ्याची घडी, दोन भिंगे आणि पुढे खोचावयाचा स्वतःचाच फोन. नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या वर्गणीदारांना असे १० लाखांहून अधिक पुठ्ठे वृत्तपत्रासोबत विनामूल्य धाडले. २०१९ पर्यंत गुगलच्या सांगण्यानुसार दीड कोटींहून अधिक पुठ्ठे वितरित झाले होते. परंतु वापर सातत्याने घटत गेला आणि २०२१ मध्ये गुगलने त्यांची विक्री थांबविली. जी वस्तू जवळजवळ फुकट मिळत होती, तीही लोकांनी दोन-चार वेळा डोळ्यांना लावून कपाटात ठेवून दिली.

दुसऱ्या टोकाला ॲपलचा 'व्हिजन प्रो' आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो अमेरिकेत ३,४९९ डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे २ लाख ९० हजार रुपयांना बाजारात आला. त्याच्या चित्राची गुणवत्ता वाखाणली गेली. व्यापक ग्राहकवर्ग मात्र मिळाला नाही.

सर्वांत उद्बोधक उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये २९९ डॉलरना आलेला 'क्वेस्ट २' संगणकावाचून चालणारा, सोपा व परवडणारा होता. टाळेबंदीच्या काळात त्याची विक्रीही चांगली झाली. मेटा, म्हणजे पूर्वीच्या फेसबुक कंपनीने, क्वेस्ट मालिकेतील सुमारे २ कोटी हेडसेट विकल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वृत्त एका अंतर्गत बैठकीतील निवेदनावर आधारलेले होते आणि त्याच निवेदनात आणखी एक कबुली होती : नंतर आलेले ग्राहक आधीच्या ग्राहकांइतके उपकरण वापरत राहत नाहीत. विकत घेणे आणि वापरत राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मेटाच्या संबंधित विभागाचा परिचालन तोटा २०२२ मध्ये १३.७ अब्ज, २०२३ मध्ये १६.१ अब्ज आणि २०२४ मध्ये १७.७ अब्ज डॉलर होता. यात स्मार्ट चष्म्यांवरील खर्चही समाविष्ट आहे, हे खरे. तरीही आकडा बोलका आहे.

शरीर आणि घर

मग अडते कोठे? पहिला अडसर शरीराचा आहे. माणसाचा तोल अंतर्कर्णातील इंद्रियाच्या आधारे सांभाळला जातो. आभासी दृश्यात डोळे 'आपण धावत आहोत' असे सांगतात आणि अंतर्कर्ण 'आपण स्थिर आहोत' असे सांगतो. या विसंगतीमुळे अनेकांना मळमळते. घाटातील बसमध्ये पुस्तक वाचणाऱ्यास होणारा त्रास हाच, फक्त तेथे स्थिर पानावर डोळे असतात आणि हलत असते ते शरीर. शिवाय जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि नेत्रभिंग त्यानुसार आपला केंद्रबिंदू बदलते. बहुतेक हेडसेटमध्ये भिंगांमुळे पडदा एकाच ठरावीक अंतरावर भासतो. म्हणून डोळे वळतात, पण केंद्रबिंदू बदलत नाही. दीर्घ वापरानंतर डोळे शिणण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. अर्ध्या किलोच्या आसपासचे वजन चेहऱ्यावर असते, ते वेगळेच.

वजन, विलंब आणि चित्राची स्पष्टता या उणिवा अभियंते टप्प्याटप्प्याने दूर करीत आहेत. दुसरा अडसर अधिक चिवट आहे. रेडिओ ऐकताना स्वयंपाक करता येतो. दूरचित्रवाणी कुटुंब एकत्र बसून पाहते. मोबाइल फोन रांगेत उभे असतानाही वापरता येतो. ही तिन्ही माध्यमे दैनंदिन व्यवहाराच्या फटींत शिरली. हेडसेटची अटच मुळी उलटी आहे. तो भोवतालचे जग बंद करण्यास सांगतो. त्यासाठी मोकळी जागा, मोकळा वेळ व एकांत हवा, आणि दोन खोल्यांत पाच माणसे राहणाऱ्या घरात या तिन्ही गोष्टी उपकरणाहून महाग असतात. बाहेरचे दृश्य कॅमेऱ्यांद्वारे आत दाखविणारे नवे हेडसेट ही अट सैल करतात. पण समोरच्या माणसाला वापरणाऱ्याचे खरे डोळे दिसत नाहीत, ही अडचण उरतेच. त्रिमित दूरचित्रवाणीचे उदाहरण येथे आठवावे. २०१० च्या सुमारास मोठ्या गाजावाजाने आलेले हे संच विशेष चष्मा लावण्याच्या सक्तीपायी मागे पडले आणि २०१७ मध्ये शेवटच्या मोठ्या उत्पादकांनीही ते बंद केले. तो चष्मा तर काही ग्रॅम वजनाचा होता.

यातून अर्थशास्त्रातील 'पूरक वस्तूं'चा पेच उद्भवतो. ग्राहक थोडे, म्हणून खेळ व कार्यक्रम तयार करणाऱ्यांना परतावा अल्प. कार्यक्रम थोडे, म्हणून नवे ग्राहक येत नाहीत. हे चक्र तोडण्यासाठी रोजच्या रोज हवाहवासा वाटेल असा एखादा उपयोग लागतो. 'बीट सेबर'सारखे मोजके खेळ अत्यंत लोकप्रिय ठरले, परंतु ईमेल किंवा दूरध्वनी यांची जागा घेईल असे काही सापडलेले नाही. उलट, ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या रे-बॅन मेटा चष्म्यांची विक्री पुढील दीडएक वर्षात २० लाखांवर गेल्याचे त्यांच्या उत्पादकाने सांगितले. या चष्म्यांत कॅमेरा व ध्वनिक्षेपक होते, पडदा मात्र नव्हताच. डोळे मोकळे ठेवणारे उपकरण लोकांनी अधिक सहजपणे स्वीकारले, हा यातील अन्वयार्थ दुर्लक्षिण्याजोगा नाही.

उपभोग्य वस्तू नव्हे, भांडवली वस्तू

येथवरच्या विवेचनावरून हेडसेट अयशस्वी ठरला, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. वस्तूची गणनाच चुकीच्या रकान्यात होत आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. घराघरांत खपणारी उपभोग्य वस्तू म्हणून त्याच्या पदरी निराशा आली. उत्पादनाचे व प्रशिक्षणाचे साधन, म्हणजेच भांडवली वस्तू म्हणून त्याची कामगिरी वेगळी आहे.

वॉलमार्ट या अमेरिकी किरकोळ विक्री कंपनीने २०१८ मध्ये १७,००० हेडसेट घेण्याचे ठरविले, ते १० लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी. म्हणजे एका हेडसेटमागे जवळपास ६० माणसे. येथे कोणी तासन्‌तास हेडसेट बांधून बसत नाही. गर्दीच्या दिवशी दुकान कसे सांभाळावे याचा काही मिनिटांचा पाठ घ्यावयाचा आणि उपकरण पुढच्याच्या हाती द्यावयाचे. वैद्यकातही हेच दिसते. उंचीच्या भीतीवर आभासी वास्तवाद्वारे उपचार करण्याचा प्रयोग बार्बरा रॉथबॉम व लॅरी हॉजेस यांनी १९९५ मध्येच प्रसिद्ध केला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंबरेच्या जुनाट दुखण्यासाठी अशा एका उपचार-संचाला अनुमती दिली. या सर्व ठिकाणी वापर अल्पकाळ, हेतुपूर्ण आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली होतो. त्यामुळे मळमळ, वजन व एकांत हे अडसर आपोआपच बोथट होतात.

सामायिक वापराची ही रीत भारताला परकी नाही. जत्रेतील बायोस्कोपच्या डब्याला डोळे लावून मुले चित्रे पाहत. डबा कोणी विकत घेत नसे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून देशभर पसरलेल्या एसटीडी-पीसीओंनी घरात दूरध्वनी नसलेल्या कोट्यवधी लोकांना दूरध्वनी दिला. पुढे सायबर कॅफेंनी इंटरनेटच्या बाबतीत तेच केले. वैयक्तिक मालकी हाच बाजारपेठेचा एकमेव मापदंड मानला असता, तर या दोन्ही सेवा आकडेवारीत दिसल्याच नसत्या.

देशातील उद्योगाची पावलेही याच दिशेने पडताना दिसतात. ठाण्यातील अजनालेन्स ही कंपनी हेडसेट बनविते व कौशल्य प्रशिक्षणावर भर देते. चेन्नईतील स्किलवेरीने वेल्डिंग व रंगकामाचे आभासी प्रशिक्षण-संच विकसित केले आहेत. मद्रास आयआयटीत या तंत्राच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र आहे. वेल्डिंगचे उदाहरण विशेष समजून घेण्याजोगे आहे. नवशिक्याचा हात बसेपर्यंत पत्रे आणि इलेक्ट्रोड मोठ्या प्रमाणावर वाया जातात. धूर व प्रखर प्रकाश यांचा धोका असतो तो निराळा. आभासी संचावर हाताचा कोन, अंतर आणि वेग यांची नोंद होते व चूक तत्काळ दाखविता येते. समजा, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एक संच दिवसाला १८ विद्यार्थ्यांनी प्रत्येकी २० मिनिटे वापरला, तर सहा तासांच्या कामकाजात त्याचे भांडवल पुरेपूर राबते. हाच संच एखाद्या घरात आठवड्यातून एक तासही चालला नसता. अर्थात, खऱ्या ठिणगीची सवय खऱ्या ठिणगीसमोरच होते. आभासी सराव हा कार्यशाळेचा पूर्वपाठ आहे, पर्याय नव्हे.

शाळांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. मेटाने आपल्या हेडसेटसाठी किमान वय १३ वर्षे ठेवले होते; २०२३ मध्ये पालकांच्या नियंत्रणाखाली ते १० वर्षांवर आणले. प्राथमिक वर्गांसाठी अशी खरेदी करू पाहणाऱ्यांनी उत्पादकाची ही अट तरी वाचलीच पाहिजे.

संस्थात्मक खरेदीतील खरा धोका मात्र वेगळाच आहे. वॉलमार्टने निवडलेल्या 'ऑक्युलस गो' या हेडसेटची विक्री २०२० मध्ये बंद झाली. कारखाने व लष्कर यांना नजरेसमोर ठेवून विकसित झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या 'होलोलेन्स २' चे उत्पादन २०२४ मध्ये थांबले. हेडसेट तीन-चार वर्षांत कालबाह्य होतो. वेल्डिंगचा किंवा शरीररचनेचा पाठ मात्र पुढील दहा वर्षे शिकवावयाचा असतो. पाठ एकाच कंपनीच्या उपकरणाशी जखडलेला असेल, तर उपकरणाबरोबर तोही अडगळीत जातो. निरनिराळ्या हेडसेटवर एकच कार्यक्रम चालावा यासाठी ख्रोनोस समूहाने २०१९ मध्ये 'ओपनएक्सआर' हे खुले मानक जाहीर केले. खरेदीच्या निविदेत या मानकाची अट घालणे, पाठ हिंदी, मराठी, तमिळ अशा शिकण्याच्या भाषेत मागणे, आणि चेहऱ्याला टेकणाऱ्या गाद्या, पट्टे व दोन-अडीच तासांत उतरणाऱ्या बॅटऱ्या यांच्या बदलीची तरतूद पहिल्याच वर्षी करून ठेवणे, ही कामे संस्थेच्या भांडारपालाची आहेत. एकाने वापरलेला हेडसेट दुसऱ्याच्या डोळ्यांना लावण्यापूर्वी तो पुसावा लागतो. त्या दोन मिनिटांचा हिशेबही तासिकेच्या वेळापत्रकात धरावा लागतो.