माहेरी जाताना योगही सोबत हवा

बाळंतीण उगीच रडायला लागली, लेकराला जवळ घेईना, की घरातली जाणती बाई मीठ-मोहऱ्या उतरवते. तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं रडू खरंच साधं असतं. वार पडली की इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं खाली येतात, त्यात झोपेचं खोबरं. दोन आठवड्यांत ते निवळतं. मात्र पंधरवडा उलटूनही मन उभारी धरत नसेल, लेकरू झोपलं तरी आईचा डोळा लागत नसेल, तर ते नैराश्य समजावं.

हे दुखणं बाळंतपणात उपटतं असं वाटतं, पण पुष्कळदा त्याची सुरुवात आधीच झालेली असते. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा गोव्यातला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात सापडल्या आणि त्यांतल्या ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मानसिक त्रास होता. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी होणं यांचाही संबंध दिसला. तेव्हा काही करायचं तर पोटुशी असतानाच, आणि योगाचा उपयोग तिथंच.

योग करतो काय? सतत काळजी असली की नाडी जलद चालते, श्वास वर-वर होतो. श्वास सावकाश सोडला की व्हेगस मज्जातंतू हृदयाचा वेग उतरवतो. भिंतीला पाठ टेकून बसावं; मांडी जमत नसेल तर खुर्ची घ्यावी. मनात चार अंक मोजत नाकानं श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. रोखायचा मुळीच नाही. मग पाच-सात वेळा भ्रामरी. भद्रासनात मांड्या मोकळ्या होतात, मार्जारासनात कंबर. शेवटी डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडून राहावं; दिवस भरत आले की उताणं झोपल्यानं गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो. कपालभाती, भस्त्रिका, पोटाला पीळ देणारी आसनं वर्ज्य. वार खाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. तिथंच हे विचारून घ्यावं. अंगावर जायला लागलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर आसन सोडून दवाखाना गाठावा.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि लागलेली सवय सासरीच राहते. ओळखीची आशाताईही मागं राहते. म्हणून निघतानाच आईला किंवा वहिनीला सोबत बसवायचं ठरवावं. सोबतीनं केलं तर रोज होतं, आणि मनातलं बोलायला माणूस मिळतं. माझ्या मते निम्मा गुण त्या सोबतीचाच.

योगानं गरोदरपणातली उदासी कमी होते, असं बऱ्याच छोट्या चाचण्यांत दिसलं; पुढचं नैराश्य टळतंच, याचा पुरावा तेवढा भक्कम नाही. दारू पिऊन मारणारा नवरा भ्रामरीनं सुधारत नाही. आधीपासून नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर योगाच्या भरवशावर त्या बंद करू नयेत.

बाळंतपणानंतर श्वासाचा सराव बाजेवरही चालतो, आसनं डॉक्टरांनी सांगितल्यावर. आशाताई ४२व्या दिवसापर्यंत घरी येते. बाळाचं वजन झालं की स्वतःच्या झोपेचं तिला सांगावं. मनाच्या त्रासाबद्दल १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. जिवाचं किंवा लेकराचं बरंवाईट करावंसं वाटलं तर बाईला एकटं न सोडता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं.